बॅगेतले दोन कॅन आणि निकाहाचा गवाह

पत्र

अस्सलामु अलैकुम. माझं माहेर दापोली तालुक्यातलं, कोकणी मुस्लिम, शाफई. सासर औरंगाबादकडचं, हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार मज़हबांपैकी (धर्मकायद्याच्या परंपरांपैकी) दोन वेगळ्या. लग्नाला बावीस वर्षं झाली. माहेरहून कुर्ल्या आल्या की मी आणि मुलं खातो, हे हनफी म्हणून खात नाहीत. त्यावरून कधी शब्द झाला नाही. पण आता वेगळंच सुरू झालंय. माझा धाकटा भाऊ जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, सहा महिने बोटीवर, तीन महिने घरी. या सुट्टीत आमच्याकडे आला तेव्हा माझ्या लहान मुलाने चॉकलेट शोधायला त्याची बॅग उघडली आणि बिअरचे दोन कॅन निघाले. ह्यांनी मग उरलेले कप्पेही तपासले, कॅनचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला: "शराबी के साथ दस्तरख़्वान पर बैठना हराम है." वर म्हणतात, परवा दारात भेटला तेव्हा तोंडाला वास येत होता. भावाने उत्तरादाखल एक व्हिडिओ टाकला, की इमाम अबू हनीफांनी द्राक्षाची सोडून बाकीची दारू चालते असं म्हटलंय, "आणि हे तर तुमचेच इमाम".

पुढच्या महिन्यात मुलीचा निकाह. मुलाकडचे चिपळूणचे, शाफई. मुलीचा मामू गवाह होणार हे आम्ही घरात ठरवलं होतं. निकाहनामा अजून भरलेला नाही. हे म्हणतात, तो गवाह असेल तर निकाहच होणार नाही. माझी अम्मी त्याला म्हणाली, चाळीस दिवस तुझी नमाज कबूल नाही, मशिदीत जाऊन काय करणार. तेव्हापासून तो जुम्म्यालाही जात नाही. त्याच्यासाठी आम्ही मुलीही बघतोय, ते वेगळंच. त्याने भाचीसाठी परदेशी परफ्यूम आणलंय, ते लावून नमाज होते का, असं मुलगी विचारते. मी कुणाची बाजू घेऊ?

उत्तर

व अलैकुम अस्सलाम, आपा.

पेयाबद्दलचा हुकूम एक असतो आणि पिणाऱ्याबद्दलचा दुसरा. पहिला आज जवळपास मिटलेला आहे. दुसरा शरियतने मुद्दाम अवघड करून ठेवलाय. तुमचा भाऊ मिटलेला प्रश्न उकरून काढतोय आणि तुमचे मिस्टर अवघड प्रश्नाचा निकाल बसल्या जागी लावतायत. तेव्हा बाजू कुणाचीच घेऊ नका. दोघांनाही सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी तो व्हिडिओ. त्यात सांगितलंय ते साफ खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे.

इमाम अबू हनीफा इराकातल्या कूफा शहराचे. ७६७ साली वारले. त्यांच्या मते कुरआनातला 'खम्र' हा शब्द काटेकोर अर्थाने एकाच पेयाला लागतो: द्राक्षाचा कच्चा रस, आचेवर न ठेवलेला, जो आपोआप फसफसतो, कडक होतो आणि फेस धरतो. (फेसाची अट त्यांची, त्यांचे दोन मोठे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद बिन हसन यांना ती लागत नाही.) याचा एक थेंबही हराम, आणि तो नापाकही. त्याच्या जोडीला आणखी तीन पेयं हराम: द्राक्षरस उकळवला पण दोन-तृतीयांशापेक्षा कमी आटवला आणि मग तो आंबला, ते, भिजवलेल्या खजुराचं कच्चं पाणी आंबलेलं, मनुकांचं तसंच. मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात ही चार नावं ओळीने दिलेली आहेत. त्यानंतर सूट येते. तीन शेर रस आटवून एक शेर उरवला, तर त्याला 'मुसल्लस' म्हणत. तो पुढे कडक झाला तरी अबू हनीफा आणि अबू यूसुफ यांच्या मते नशा येणार नाही इतका घेता येतो. गहू, जव, ज्वारी, मध यांची पेयंही याच खात्यात. बिअर जवाची. व्हिडिओवाल्याने हे वाक्य उचललं आणि पुढचं पान उलटलंच नाही.

पुढच्या पानावर अटी आहेत. ज्या पेल्याने नशा चढते तो पेला हराम, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची: पिण्याचा हेतू 'लह्व', म्हणजे मौज, नसावा, अन्न पचावं, अंगात ताकद यावी, एवढ्यापुरतंच. संध्याकाळी पाय पसरून थंड कॅन फोडणारा माणूस दुसऱ्या अटीवरच बाद होतो, मग तो अर्धाच कॅन का पिईना. आणि ५०० मिलीच्या पाच टक्क्यांच्या कॅनमध्ये २५ मिली निव्वळ अल्कोहोल असतं. एवढ्याने ज्याला काहीच होत नाही त्याला बहुधा सवय झालेली असते.

ही सूट आली कुठून, तेही कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. त्या काळी 'नबीज' हे रोजचं पेय होतं: खजूर किंवा मनुका पाण्यात भिजत घालायच्या आणि ते गोड पाणी प्यायचं. रसूलुल्लाहांसाठी (प्रेषित मुहम्मदांसाठी) मनुका भिजवल्या जात, ते पाणी ते त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या संध्याकाळपर्यंत घेत. उरलं तर दुसऱ्याला प्यायला देत किंवा ओतून टाकत, असं सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात) आहे. नीरेचंही तसंच. आतून चुना फासलेल्या मडक्यातली पहाटेची नीरा कुणीही प्यावी. तीच ऊन चढेपर्यंत तशीच राहू दिली की माडी होते. कूफ्याच्या इमामांपुढचा सवाल असा होता, की या दोन टोकांच्या मधे रेघ कुठे ओढायची. बाटलीबंद बिअरपुढे तो सवालच नसतो. ती आंबवूनच करतात आणि किती टक्के ते लेबलवर छापतात.

आणि खुद्द हनफींनी ही सूट ठेवली नाही. मुहम्मद बिन हसन यांचं मत वेगळं होतं: ज्याचं जास्त प्रमाण नशा आणतं त्याचं थोडंही हराम, मग ते कशाचंही असो. तिरमिज़ी आणि अबू दाऊदमधल्या हदीसचे शब्दही हेच आहेत. लोक ती सूट पळवाट म्हणून वापरू लागले तेव्हा नंतरच्या हनफी फकीहांनी (कायदेपंडितांनी) फतवा मुहम्मद यांच्याच मतावर दिला. आज देवबंद असो की बरेली, इथल्या हनफींच्या दोन्ही गटांत बिअर एक घोट चालते असं कुणी सांगणार नाही. मालिकी, हंबली आणि तुमचे शाफई तर पहिल्यापासून याच मताचे. शिया फिकहमध्ये (धर्मकायद्यात) जवाच्या बिअरला 'फुक्का' या नावानिशी हराम म्हटलंय.

शिवाय तुमचा भाऊ स्वतः शाफई. फजरच्या नमाजेत कुनूतची दुआ पढणार, असरची नमाज शाफई वेळेला धरणार, कुर्ल्या खाणार आणि कॅन फोडताना तेवढा हनफी होणार, तेही हनफींनी सोडून दिलेल्या मतावर! याला इख्तिलाफ, म्हणजे उलमांमधला खरा मतभेद, म्हणत नाहीत.

तो उद्या दुसरा व्हिडिओ पाठवेल, म्हणून तेही सांगून ठेवतो. "कुरआनात दारूला हराम म्हटलेलंच नाही, फक्त दूर राहा म्हटलंय." सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगारात मोठा गुनाह आणि लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण गुनाह मोठा, असं आहे. सूरह निसाच्या ४३ व्या आयतीत नशेत नमाजजवळ जाऊ नका, असं. मग सूरह माइदाची ९० वी आयत येते: हे घाण आहे, सैतानाचं काम आहे, 'फज्तनिबूहु', यापासून दूर राहा. हेच क्रियापद सूरह हजच्या ३० व्या आयतीत मूर्तींच्या घाणीबद्दल आलंय. "दूर राहा" म्हणजे "जमलं तर बघा" असा अर्थ तिथे कुणी लावत नाही. फक्त नशा हराम आहे, पेय नाही, असं मानणारे मुसलमान आजही आहेत. त्यांच्याशी वाद घालता येतो, पण चारही मज़हबांत त्यांना आधार मिळत नाही.

आणि "इतके मुसलमान पितात" हे तर मतच नव्हे. जहाँगीर प्यायचा. बाबर प्यायचा आणि १५२७ साली खानवाच्या लढाईआधी तौबा (पश्चात्ताप) करून त्याने सोन्याचांदीचे पेले फोडले. तुर्कस्तानात राकी नावाची दारू उघड विकली जाते, बेक्ताशी सूफींच्या मजलिसींत तर पेय हा रीतीचाच भाग. यातले बहुतेक लोक हराम मानूनच पितात वा पीत होते. गालिबचा तो किस्सा सगळ्यांना पाठ असतो: १८५७ नंतर इंग्रज कर्नलने विचारलं, तू मुसलमान का, तर म्हणाला, अर्धा, दारू पितो, डुक्कर खात नाही. हसायला ठीक आहे. पण त्या उत्तरातही दारू चूक आहे हे गृहीतच आहे की!

आता तुमच्या मिस्टरांकडे वळू.

बावीस वर्षं कुर्ल्यांवरून वाद झाला नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही तुमच्या घरची समजूत इमाम ग़ज़ालींनी नऊशेहून जास्त वर्षांपूर्वी नियम म्हणून लिहून ठेवलीय. दुसऱ्याला चुकीबद्दल टोकायचं तर ती चूक इज्तिहादी मतभेदातली, म्हणजे इमामांनी अभ्यासाने वेगवेगळी मतं काढलेल्या बाबीतली, नसावी. त्यांची उदाहरणं बघा: शाफई माणूस घोरपडीसारखा 'दब्ब' खातो म्हणून हनफीने त्याला टोकू नये, आणि हनफी माणूस नशा न आणणारी नबीज पितो म्हणून शाफईने त्याला टोकू नये. नबीज तेव्हा कुर्लीच्याच खात्यात होती. आजची बिअर त्या खात्यात येत नाही, त्यामुळे भावाला टोकण्याचा हक्क तुमच्या मिस्टरांना आहे. हे मान्यच करायला हवं. पण टोकायच्या रीतीबद्दल ग़ज़ालींनी त्याच प्रकरणात आणखी एक अट घातलीय: चूक उघड दिसलेली असावी, शोधून काढलेली नसावी.

मुलाने चॉकलेटसाठी बॅग उघडली, ते चालून गेलं. त्यानंतर उरलेले कप्पे उघडले गेले, तिथे 'तजस्सुस', म्हणजे हेरगिरी, सुरू झालं. सूरह हुजुरातची १२ वी आयत त्याला नाव घेऊन मना करते, आणि त्याच आयतीत पाठीमागे बोलण्याला मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. हजरत उमरांचा किस्सा मौलवी लोक वाज़मध्ये (प्रवचनात) सांगतात, तो तुमच्या मिस्टरांनी नक्की ऐकला असेल. खलीफा रात्री भिंतीवरून चढून आत गेले आणि पिणाऱ्याला पकडलं. तो म्हणाला, माझी एक चूक झाली असेल, तुमच्या तीन झाल्या: हेरगिरी केलीत, दाराने आला नाहीत, सलाम करून परवानगी घेतली नाहीत. उमर त्याला सोडून परत गेले. बॅगेचा कप्पाही भिंतच आहे.

तोंडाच्या वासाचं म्हणाल, तर इस्लामी कायद्यात शिक्षेसाठी नुसता वास पुरावा धरायचा का, यावर इमामांत मतभेद आहेत. मालिकी धरतात. हनफी आणि शाफई धरत नाहीत, कारण वास दुसऱ्या कशाचाही असू शकतो आणि शंकेवर शिक्षा होत नाही. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन्ही मज़हबांत दारातल्या वासावरून काही सिद्ध होत नाही.

आणि समजा, सिद्ध झालं. मग तो काय ठरतो? सुन्नी अकीदा (श्रद्धेचा सिद्धांत) साफ आहे: हराम मानून हराम करणारा फासिक, गुनाहगार. इस्लामच्या दायऱ्याबाहेर जात नाही. मोठ्या गुनाहाने माणूस काफिर होतो असं म्हणणारे खारिजी नावाच्या जुन्या पंथाचे होते. त्याच्या सलामाला जवाब द्यायचा, तो आजारी पडला तर बघायला जायचं, मेला तर जनाज़ा पढायचा.

सहीह बुखारीत एका माणसाचा उल्लेख आहे. नाव अब्दुल्लाह, लोक त्याला 'हिमार' म्हणजे गाढव म्हणायचे. तो रसूलुल्लाहांना हसवायचा. पिण्यावरून त्याला पुन्हा पुन्हा पकडून आणलं जाई आणि शिक्षा होई. एकदा शिक्षेनंतर कुणीतरी म्हणालं, अल्लाहची लानत (शाप) याच्यावर, किती वेळा आणावं लागतं याला! त्यावर रसूलुल्लाह म्हणाले, त्याला लानत देऊ नका. अल्लाहची कसम, मला माहीत आहे तो अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो. शिक्षा झाली होती, ती माफ केली नव्हती, हेही ध्यानात घ्या. दारूशी संबंध असलेल्या दहा जणांवर लानत असल्याची दुसरी हदीस आहेच: गाळणारा, गाळून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा, तिचे पैसे खाणारा असे. बऱ्याच उलमांनी दोन्हींची सांगड अशी घातली की लानत कामावर आहे, समोरच्या एका माणसाचं नाव घेऊन ती करायची नाही. ग्रुपवर फोटो टाकून "शराबी" म्हणणं दुसऱ्या प्रकारात पडतं. तो फोटो तुमच्या मिस्टरांनी स्वतः काढून टाकावा. ग्रुपवर माफी, खुलासा, आयती असं काही लिहू नये. त्याने पन्नास जण पुन्हा तोच विषय वाचतील.

दस्तरख़्वानाचं वाक्य अर्धवट ऐकलेलं आहे. हदीस अशी: ज्या दस्तरख़्वानावर दारू फिरवली जाते तिथे ईमानवाल्याने बसू नये. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, ऑफिसच्या पार्टीत तुमच्या टेबलावर पेले भरले जात असतील तर उठा. पिणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्याकडे आंबट आणि भात खायला बसला तर ती हदीस तिथे लागू होत नाही.

अम्मींच्या चाळीस दिवसांनी सगळ्यात जास्त नुकसान केलंय. हदीस आहे, पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही. पण त्याच हदीसमध्ये पुढे आहे की त्याने तौबा केली तर अल्लाह तौबा कबूल करतो. आणि 'कबूल नाही' म्हणजे सवाब (पुण्य) नाही, असं उलमा सांगतात. फर्ज (बंधनकारक कर्तव्य) मात्र अदा होतो. नमाज सोडली तर फर्जही डोक्यावर राहतो, एकाचे दोन गुनाह होतात. "चाळीस दिवस अंग नापाक असतं" हीही लोकांनी जोडलेली गोष्ट. निसाच्या आयतीतली मनाई नशा असेपर्यंतची आहे, "तुम्ही काय बोलता ते तुम्हाला कळेपर्यंत". एका कॅनमधलं अल्कोहोल धडधाकट माणसाच्या शरीरातून साधारण दोन-तीन तासांत निघून जातं. अम्मींना हे मिस्टरांनी सांगू नये, तुम्हीही सांगू नये. दापोलीतल्या त्यांच्या मशिदीच्या इमामांकडून त्यांच्या कानावर जाऊ द्या. आणि भावाला जुम्म्याला कुणी तरी सोबत घेऊन निघा. "चल" एवढं पुरे, बाकी काही बोलू नका.

गवाहाचा प्रश्न मजेशीर आहे, कारण इथे तुमच्या मिस्टरांचा मज़हब त्यांच्याच विरोधात जातो. हनफी फिकहमध्ये निकाहाचे गवाह आकिल (शहाणे), बालिग (वयात आलेले), मुसलमान असले आणि त्यांनी इजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार) ऐकलं की पुरे. दोघेही फासिक असले तरी निकाह होतो. आदिल, म्हणजे सचोटीच्या, गवाहाची अट शाफईंची. पण शाफईंनाही बाहेरून आदिल दिसणारा, ज्याची उघड बदनामी नाही असा 'मस्तूर' माणूस निकाहाला चालतो. आतलं खोदायला ते सांगत नाहीत. आणि त्याचा हा पडदा फाडला कुणी, तर ग्रुपवरच्या फोटोने!

मुलाकडचे शाफई आहेत, तेव्हा पुढे कुणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून सरळ व्यवस्था करा. गवाहाच्या दोन रकान्यांत एक ज्येष्ठ तुमच्या जमातीचे आणि एक चिपळूणच्या जमातीचे, दोघेही पंचवेळी नमाजी आणि ज्यांना ऐकू नीट येतं असे. शेवटची अट गमतीची नाही. कर्णा लावलेल्या हॉलमध्ये गवाहाने कबूल ऐकलंच नाही, नुसती सही केली, हे फासिक गवाहापेक्षा जास्त घडतं. गवाहांना काजींच्या अगदी बाजूला बसवा, मुलीकडून इजाज़त घ्यायला जाताना तेच सोबत जाऊ देत, नावं आधार कार्डाप्रमाणे लिहून काजींकडे आठवडाभर आधी द्या. मजलिसीत बसलेल्या आणखी चार जणांनीही इजाब-कबूल ऐकलेलं असतं, त्यामुळे निकाह कुणा एकाच्या नावावर लटकत नाही. मामूला हे तुम्ही स्वतः, एकट्यात सांगा: रकान्यात दोन्हीकडचे बुज़ुर्ग आहेत, बारातीच्या स्वागताला आणि रुखसतीला मात्र तूच पुढे. कारण विचारलं तर खोटं बोलू नका. "शाफई निकाहाला गवाहाची अट कडक आहे आणि तुझ्यावरून कुणी बोट दाखवावं असं मला नको" म्हणा. त्याला ते कळेल.

त्याच्याशी बोलायचं ते निकाहाआधी नको. निकाह झाल्यावर, सुट्टी संपायच्या आत, चालता चालता, मिस्टरांशिवाय. फिकहवर जाऊ नका, तो व्हिडिओ काढेल. त्याला एकच विचारा: बोटीवर सहा महिने कसं निभावतोस? जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय नियमाने रक्तात ०.०५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि बऱ्याच कंपन्यांत तर शून्य. तो म्हणाला, तिथे घेतच नाही, काही वाटतही नाही, तर ही सुट्टीतली सवय आहे. तिला मित्र, जागा आणि मोकळा वेळ लागतो, आणि तिन्ही बदलता येतात. पण बोटीवर चढल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही असं म्हणाला, किंवा सकाळी उठल्याबरोबर लागते म्हणाला, तर विषय बदलला. अशा माणसाला "आजपासून बंद, कसम खा" म्हणायचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेततं. रमज़ानच्या पहिल्या रोज़्याला जोशात सोडणाऱ्यांचं हेच होऊ शकतं. आधी डॉक्टर, गोळ्यांच्या आधाराने आठवडाभरात उतार, मग तौबा पक्की. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. दोन कॅनवरून तो तिथवर पोचलाय असं मात्र धरून चालू नका.

दुसऱ्याची चूक झाकणं कुठे संपतं, हेही सांगायला हवं. पिऊन गाडी चालवली, घरात हात उचलला, तर झाकू नका. आणि त्याच्यासाठी मुली बघताय, तर समोरच्यांनी थेट विचारलं की पितो का, तर खोटं बोलायचं नाही. इमाम नववींनी ग़ीबतीतून (पाठीमागे बोलण्याच्या मनाईतून) जे सहा अपवाद काढले त्यात लग्नासाठीचा सल्ला आहे. "त्याच्याशीच बोला" म्हणून त्यांना भावाकडे पाठवलं तरी चालेल. पण "छे, छे" म्हणायचं नाही. मला विचाराल तर स्थळं बघणं पुढच्या सुट्टीपर्यंत थांबवा.

राहिलं परफ्यूम. त्यातलं अल्कोहोल बहुधा ऊस, मका, बीट यांचं किंवा कारखान्यात तयार केलेलं असतं, द्राक्ष-खजुराचं क्वचित. अनेक हनफी मुफ्ती असं अल्कोहोल अंगाला, कपड्याला लावायला नापाक मानत नाहीत, आणि आधार घेतात तो अबू हनीफांच्या त्याच जुन्या मताचा, जे तुमच्या भावाने पिण्यासाठी वापरलं. म्हणजे वडिलांच्या मज़हबावर मुलीला ते लावून नमाज पढता येते. जुनं शाफई मत मात्र नशा आणणारं प्रत्येक द्रव नापाक धरतं, ते वाळलं तरी कपडा धुवावा लागतो. आजच्या काही शाफई उलमांनी सूट दिलीय. मुलगी शाफई घरात जातेय. परफ्यूम निकाहाच्या पोशाखावर फवारू द्या, मामूने आणलंय. नमाजेचा दुपट्टा आणि कपडे वेगळे ठेवा, आणि त्यांच्यासाठी चंदनाच्या तेलातलं कनौजचं अत्तर, तीन मिलीची कुपी, पर्समध्ये टाकून द्या.